मनगटाचा संशयित अस्थिभग्न : ‘नॉर्मल’ एक्स-रेनंतरची चिकित्सा

पावसाळा सुरू झाला की आपल्या भागातील जवळजवळ प्रत्येक वैद्याच्या दवाखान्यात एक ठरावीक रुग्ण येतो. वय वीस ते तीसच्या आसपास. दुचाकी घसरलेली, पडताना तळहात पुढे टेकलेला. मनगट किंचित सुजलेले असते, विद्रूपता काहीच नसते, बोटे व्यवस्थित हलतात. हातात एक्स-रेचा लिफाफा असतो आणि आतील कागदावर अस्थिभग्न दिसत नाही असे लिहिलेले असते. रुग्णाची व त्याच्या घरच्यांची अपेक्षा एवढीच असते की वैद्यांनी एखादा लेप लिहून द्यावा, तेल द्यावे आणि चार दिवसांत कामावर जाण्यास परवानगी द्यावी.

प्रस्तुत लेख या एका रुग्णापुरता आहे. ज्यात मनगट उघड वाकडे झाले आहे अशा भग्नाविषयी आपल्यापैकी कोणाचीही चूक सहसा होत नाही. तो रुग्ण आपण तातडीने घाटीत किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवितोच. चूक होते ती वरच्या रुग्णाबाबत. आमच्याकडूनही झाली आणि तिची नोंद येथे करणे आम्हास आवश्यक वाटते.

२०११ सालचा पावसाळा होता. तेव्हाच्या औरंगाबादेत आमचा दवाखाना सुरू होऊन थोडीच वर्षे झाली होती. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर काम करणारा तेवीस वर्षांचा तरुण पैठण रस्त्यावर घसरून पडला आणि दुसऱ्या दिवशी वडिलांसोबत आमच्याकडे आला. वडील आमचे जुने रुग्ण. एक्स-रे आदल्या रात्रीच एका केंद्रात काढलेला होता, समोरून एक व बाजूने एक अशा दोनच प्रतिमा. अहवाल ‘नॉर्मल’. आम्ही मनगट वरवर दाबून पाहिले, बोटे हलवून घेतली, ‘हाड शाबूत आहे, मुरगळले आहे’ असे सांगितले, लेप दिला, सूज उतरल्यावर महानारायण तेलाचे हलके मर्दन आणि वर क्रेप बँडेज. दोन आठवड्यांत वेदना निम्मी झाली. तो कामावर रुजू झाला. आम्हीही समाधान मानले.

पाच महिन्यांनी तो परत आला. पाना आवळताना मनगटात कळ येते, हातातून वस्तू निसटते, मनगट मागे वाकत नाही, ही त्याची तक्रार. घाटीत पाठविले. नौकाकृती अस्थीचा मध्यभागी भग्न झालेला होता, तो सांधला नव्हता, आणि दोन्ही तुकड्यांच्या कडा झिजून मध्ये पोकळी झाली होती. शस्त्रक्रिया करावी लागली; कमरेच्या हाडातून तुकडा घेऊन मध्ये भरावा लागला व स्क्रू बसवावा लागला. एकूण आठ महिन्यांचा हिशेब झाला. कंत्राटी नोकरी होती, ती गेली. वडिलांनी आम्हाला दोष दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “डॉक्टरसाहेब, तुम्ही त्या दिवशी हाड शाबूत आहे म्हणाला होता ना?” त्या एक्स-रेचा अहवाल खोटा नव्हता, त्या दोन प्रतिमांत भग्न खरोखरच दिसत नव्हता. ‘दिसत नाही’ याचा अर्थ आम्ही ‘नाही’ असा घेतला, ही चूक आमची.

या हाडाचे वेगळेपण

मणिबंधात दोन ओळींत मिळून आठ लहान अस्थी असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूची, होडीच्या आकाराची अस्थी म्हणजे नौकाकृती अस्थी, इंग्रजीतील स्कॅफॉइड. ती दोन्ही ओळींना जोडणारा दुवा असल्यामुळे तळहातावर पडणाऱ्या भाराचा मोठा वाटा तिच्यावर येतो. मणिबंधाच्या आठ अस्थींतील भग्नांपैकी सुमारे ६० ते ७० टक्के भग्न हिचेच असतात.

रक्तपुरवठ्याचा मुद्दा येथे नीट समजून घ्यावा, कारण सारा धोका त्यातच आहे. या अस्थीचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग ज्या रक्तवाहिन्यांवर जगतो, त्या तिच्या पाठीमागील कडेने, बोटांकडील भागातून आत शिरतात आणि तेथून उलट दिशेने, कोपराकडे वाहत जातात. म्हणजे कोपराकडील टोकाला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नाहीच. आपल्याकडील शेतकऱ्याला हे सांगायचे तर जायकवाडीच्या कालव्याचे उदाहरण पुरते. टेलच्या शेताला पाणी वरूनच येते. चारी मध्ये फुटली तर वरची शेते भिजतात आणि टेलचे रान वाळते. अस्थीच्या मध्यभागी चीर पडली की मागील टोकाचे तेच होते. कधी तुकडा सांधत नाही, कधी त्याचा अस्थिधातू निर्जीव होतो. त्यातच या अस्थीचा बहुतेक पृष्ठभाग तरुणास्थीने झाकलेला असल्यामुळे लांब हाडांप्रमाणे बाहेरून मोठा सांधा बांधून ती जुळत नाही. तुकडे परस्परांजवळ स्थिर राहिले तरच आतून जुळतात. न सांधलेला भग्न वर्षानुवर्षे राहिला तर मनगटाच्या सांध्याची ठरावीक क्रमाने झीज होते आणि पस्तिशी-चाळिशीतला माणूस संधिवाताची तक्रार घेऊन आपल्याकडे येतो. त्यास तेव्हा गुग्गुळकल्प देऊन मूळ दोष हटत नाही.

सुश्रुताचार्यांनी मणिबंध हे संधिमर्म सांगून त्याची गणना रुजाकर मर्मांत केली आहे आणि त्याच्या आघाताचे फळ हाताची कुंठता असे दिले आहे. आचार्यांना ही विशिष्ट अस्थी व तिचा रक्तमार्ग ठाऊक होता असा दावा आम्ही करीत नाही. तसा दावा करण्याची हौस आपल्या काही लेखनात दिसते, तिचा शास्त्राला उपयोग नाही. मात्र मनगटाचा आघात प्राण घेत नाही, वेदना आणि काम न करणारा हात मागे ठेवतो, हे त्यांचे निरीक्षण त्या तरुणाच्या बाबतीत शब्दशः खरे ठरले.

तपासणी

निदानस्थानात भग्नाची सामान्य लक्षणे आपण सर्वांनी पाठ केलेली आहेत. सूज फार असणे, अंगाची विकृत हालचाल, दाबल्यावर शब्द होणे, अंग गळून जाणे, स्पर्श सहन न होणे, कोणत्याही स्थितीत चैन न पडणे. नौकाकृती अस्थीच्या भग्नात ही यादी हाती घेऊन बसलो तर निदान चुकणारच. सूज अल्प असते. विकृत हालचाल नसते. शब्द होत नाही, आणि तो व्हावा म्हणून मनगट चोळून पाहणे तर अनुचितच. हात गळ्यात अडकविला की रुग्णाला बरेच चैनही पडते. सर्व लक्षणांतून एकच शिल्लक राहते, ते स्पर्शासहिष्णुत्व, आणि तेही बोटाच्या टोकाएवढ्या जागेत. म्हणून मनगट सर्व मुठीने दाबून ‘दुखते का’ विचारण्यात अर्थ नाही. जागा नेमकी शोधावी लागते.

अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस दोन ताठ कंडरांच्या मध्ये त्रिकोणी खळगी उमटते. पाश्चात्त्य मंडळी पूर्वी तपकीर ओढण्यासाठी ती या खळगीत ठेवीत, म्हणून तिला तपकिरीची डबी अशा अर्थाचे स्नफबॉक्स हे नाव पडले. या खळगीचा तळ म्हणजे नौकाकृती अस्थी. रुग्णाचे मनगट करंगळीच्या बाजूस किंचित झुकवावे, म्हणजे अस्थी खळगीत वर येते, आणि तर्जनीच्या टोकाने हळूच दाब द्यावा. येथे त्वचेची एक संवेदी नाडी जाते, त्यामुळे जोराने दाबल्यास निरोगी माणसालाही दुखते. म्हणून दुसऱ्या हाताची तीच जागा तेवढ्याच दाबाने आधी पाहावी. हा क्रम आम्ही कधीही मोडत नाही.

दुसरी जागा तळहाताकडील. मनगटावरील बोटांकडच्या घडीवर, अंगठ्याच्या मांसल उंचवट्याच्या मुळाशी एक लहान टेंगूळ लागते. तो याच अस्थीचा पुढे आलेला भाग. तिसरी परीक्षा अशी की रुग्णाचा अंगठा धरून तो त्याच्या लांबीच्या दिशेने मनगटाकडे हलकेच ढकलावा. या तिन्हींपैकी एकही स्पष्ट दुखरी असेल तर संशय धरावा, तिन्ही दुखऱ्या असतील तर तो बळकट मानावा. खळगीतील दुखरेपणा संवेदनशील आहे, निर्णायक नाही. तो असूनही बहुसंख्य रुग्णांत भग्न निघत नाही, हे लक्षात असू द्यावे. या गोष्टीकडे आपण पुढे परत येऊ.

आघाताचा प्रकार विचारताना ‘पडलात का’ एवढे पुरत नाही. हात कसा टेकला, गाडीचे हँडल हातात होते काय, क्रिकेट किंवा कबड्डी खेळताना झाले काय, कारखान्यात यंत्राच्या हँडलने उलटा झटका दिला काय, हे विचारावे. कित्येक तरुण पडल्याचे सांगतच नाहीत, कारण घरी गाडी वेगात होती हे कळू द्यायचे नसते.

वयाचा विचारही हवा. साठीच्या आजीबाई न्हाणीघरात घसरल्या तर सहसा मोडते ते रेडियसचे म्हणजे बहिःप्रकोष्ठास्थीचे खालचे टोक. आयर्लंडच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, केवळ हाताच्या तपासणीवरून त्याचे वर्णन केले. अशा आजीबाईंत हाडांच्या ठिसूळपणाचाही विचार व्हावा. दहा वर्षांखालील मुलांत नौकाकृती अस्थीचा भग्न दुर्मिळ आहे. त्यांत रेडियसचे हाड एका बाजूने दबून फुगवटा येतो किंवा वाढीच्या पट्टीस इजा होते. येथे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी दिसणारा एक गैरसमज नोंदवितो. तरुण अस्थी वाकतात असे जे सुश्रुतवचन आहे, ते लहान मुलांच्या हाडांविषयी नाही. तरुण हा पाच अस्थिप्रकारांपैकी एक असून त्याचा आशय नाक-कानातील कूर्चेसारख्या मृदू अस्थींचा आहे.

काही रुग्णांत मात्र वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठायला लावावे. उघडी जखम, दिसणारी विद्रूपता, बोटे गार किंवा निळसर पडणे, अंगठा-तर्जनी-मध्यमा बधिर होणे, किंवा उंचावरून वा वेगात पडल्यावर मनगटाची एकाएकी वाढणारी सूज. शेवटच्या प्रकारात मधली चंद्राकृती अस्थी निखळलेली असू शकते. बाजूच्या एक्स-रेत ती सांडलेल्या कपासारखी पुढे कललेली दिसते आणि समोरच्या प्रतिमेत घाईत सहज नजरेतून सुटते.

रुग्णालयात काय व कशासाठी केले जाते

आपण रुग्ण पाठवितो आणि तो प्लास्टर घालून परत येतो. मधल्या निर्णयांची माहिती नसल्यास रुग्णाच्या प्रश्नांना उत्तर देता येत नाही. मग तो प्लास्टर तिसऱ्या आठवड्यातच कापून टाकतो.

प्रथम एक्स-रे. मनगटाच्या नेहमीच्या दोन प्रतिमा या अस्थीसाठी अपुऱ्या आहेत, कारण ती तिरपी असते व समोरून आखूड दिसते. हात करंगळीकडे झुकवून घेतलेली एक आणि तिरपी एक, अशा किमान चार प्रतिमा हव्यात. म्हणून चिठ्ठीवर नुसते ‘मनगट’ न लिहिता ‘स्कॅफॉइडच्या प्रतिमा’ असे लिहावे. या एका शब्दाने चित्र बदलते, हा आमचा अनुभव आहे. एवढे करूनही ताज्या भग्नांपैकी पाचात एकापर्यंत भग्न पहिल्या दिवशी दिसत नाहीत. चीर केसाएवढी असते, तुकडे सरकलेले नसतात. दहा ते चौदा दिवसांत चिरेच्या कडांचा अस्थिधातू शोषला जातो, चीर रुंदावते आणि मग ती दिसण्याची शक्यता वाढते. यासाठी जुनी व आजही सर्वत्र चालणारी रीत अशी की संशय असल्यास एक्स-रे ‘नॉर्मल’ असला तरी मनगट स्थिर करावे आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासून पुन्हा एक्स-रे घ्यावा.

या रीतीची किंमत रुग्ण देतो. संशयित व एक्स-रे ‘नॉर्मल’ अशा रुग्णांत साधारणपणे पाच-सहांत एकालाच भग्न निघतो, म्हणजे उरलेले सर्व दोन आठवडे विनाकारण अडकतात. परीक्षेस बसणारी विद्यार्थिनी, रोजंदारीवरचा मजूर, कापूस वेचणारी बाई, यांच्यासाठी दोन आठवडे लहान नव्हेत. गेल्या वर्षी सिल्लोडकडील एका विद्यार्थिनीला आम्ही असेच अडकविले. बाराव्या दिवशी दुसरा एक्स-रे स्वच्छ आला, खळगीतील दुखणेही गेले होते. तिच्या आईने आम्हाला चांगलेच सुनावले, की उगाच पोरीचा उजवा हात बांधून ठेवला. आम्ही ऐकून घेतले. त्या बाईंचे म्हणणे अगदीच गैर नव्हते.

एमआरआयमुळे हा प्रश्न सुटतो. तो पहिल्या काही दिवसांतच, एक्स-रेत न दिसणारा भग्न दाखवितो आणि भग्न नसल्यास रुग्णास मोकळे करतो. ब्रिटनच्या नाईस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत, नीट शारीरिक तपासणी झाल्यावर संशयित रुग्णात पहिली प्रतिमा म्हणून एमआरआयचा विचार करावा असे सुचविले. आपल्याकडे खर्च व प्रतीक्षा पाहता प्रत्येकास ते शक्य होत नाही. आमचे मत असे की ज्याची रोजी हातावर आहे, त्याला दोन आठवड्यांची बुडणारी मजुरी आणि एमआरआयचा खर्च या दोन्ही रकमा समोर मांडून दाखवाव्या व निर्णय त्याला घेऊ द्यावा. पुष्कळदा मजुरीची रक्कम मोठी निघते. कामगार विमा लागू असणाऱ्याने आपले कार्ड घेऊन जावे. सीटी स्कॅन तुकडे किती सरकले आणि पुढे हाड सांधले की नाही हे पाहण्यास उत्तम.

भग्न निश्चित झाल्यावर तो अस्थीच्या कोणत्या भागात आहे यावर पुढचे ठरते. बोटांकडील टोकाचा भग्न सुमारे सहा आठवड्यांत जुळतो. मध्यभागाचा, म्हणजे सर्वाधिक आढळणारा, आठ ते बारा आठवडे घेतो. कोपराकडील टोकाचा त्याहून अधिक, आणि त्यात शस्त्रक्रियेकडे कल असतो. तुकडे सरकले असल्यासही शस्त्रक्रिया करतात. त्यासाठी दोन्ही टोकांना वेगवेगळ्या आट्यांचा, हाडात पूर्ण बुडणारा स्क्रू ऑस्ट्रेलियाचे टिमोथी हर्बर्ट यांनी प्रचारात आणला, त्यावरील त्यांचा लेख १९८४ मध्ये आला.

‘प्लास्टर नको, ऑपरेशनच करून टाका’ असा आग्रह धरणारे रुग्ण अलीकडे भेटतात. त्यांच्यासाठी २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला स्विफ्ट हा अभ्यास उपयोगी आहे. मध्यभागाचा भग्न आणि २ मि.मी. पर्यंतच सरकलेले तुकडे असे ४३९ प्रौढ रुग्ण त्यात होते. एका गटावर लगेच शस्त्रक्रिया, दुसऱ्यास प्लास्टर व न सांधल्यास शस्त्रक्रिया. वर्षअखेरीस मनगटाच्या वेदना व कार्य यांत दोन्ही गटांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. अंगठा प्लास्टरमध्ये घ्यावा की मोकळा ठेवावा यावरही पूर्वी वाद होता. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९२ भग्नांच्या ब्रिटिश अभ्यासात न सांधण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच निघाले. तेव्हा रुग्णाचा अंगठा मोकळा दिसला म्हणून ‘प्लास्टर चुकले’ असे बोलून त्याचा विश्वास डळमळीत करू नये.

आपली चिकित्सा व तिची मर्यादा

भग्नचिकित्सेत ताणणे, दाबणे, जुळविणे व बांधणे ही चार कर्मे सांगितली आहेत. यांपैकी पहिली तीन आपण संशयित मनगटावर करू नयेत. चौथे, बंधन, हे मात्र रुग्ण समोर आल्यापासून दहा मिनिटांत आपल्या दवाखान्यात व्हावे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड आदींच्या साली किंवा बांबूच्या पट्ट्या कुशा म्हणून वापराव्यात असे ग्रंथात आहे. आज बाजारातील मनगटाची तयार पट्टी किंवा जाड पुठ्ठाही चालतो. कोपराच्या खालपासून तळहाताच्या मधल्या रेषेपर्यंत आधार असावा, बोटे मोकळी राहावीत. त्याआधी अंगठी, बांगड्या, कडे, मनगटावरचा गंडा-दोरा काढून घ्यावा. गंडा काढण्यास घरचे नाराज होतात. तो दुसऱ्या हातात बांधण्यास सांगितले की प्रश्न मिटतो.

बंधन सैल झाल्यास सांधा स्थिर राहत नाही, घट्ट झाल्यास सूज, वेदना व त्वचेचा पाक होतो, हे सुश्रुतवचन आजच्या प्लास्टरलाही लागू आहे. ऋतुमानानुसार सात, पाच किंवा तीन दिवसांनी बंध सोडून पाहण्याचा जो नियम आहे, त्यामागे त्वचा व सूज पाहणे हाच हेतू असावा असे आम्हास वाटते. प्लास्टर आपण सोडावयाचे नाही, पण दुसऱ्या दिवशी रुग्णास बोलावून बोटांचा रंग, उष्णता व संवेदना मात्र अवश्य पाहावी. बोटे सरळ करताना असह्य कळ आली तर तो रुग्ण तत्काळ परत पाठवावा. खेड्यातील हाडवैद्याने आवळून बांधलेल्या कामट्यांमुळे स्नायू मरून बोटे कायमची आखडलेली अशी मुले आमच्या पिढीनेही पाहिली आहेत.

लेपाविषयी. ग्रंथोक्त आरंभीचा लेप शीत आहे. मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन, तांदळाचे पीठ व शतधौत घृत यांचा. आपण सवयीने जे उष्ण लेप देतो, ते ताज्या आघातात दाह व फोड वाढवितात. एक्स-रेपूर्वी तर कोणताच लेप लावू नये, कारण जाड थराची सावली प्रतिमेत येऊ शकते आणि सूज तपासता येत नाही. मर्दन पूर्णतः वर्ज्य. आमच्या तरुणास आम्ही जे मर्दन करविले, त्याने तुकडे रोज हलत राहिले असणार.

आभ्यंतर औषधात आम्ही लाक्षादि गुग्गुळ प्रचलित मात्रेत देतो. त्यात लाक्षा, अस्थिसंहारी म्हणजे आपली हाडजोड, अश्वगंधा, नागबला, अर्जुन व गुग्गुळ आहेत. गर्भिणीस व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यास देत नाही. सोबत दूध, तूप, पौष्टिक आहार. लवण, कटू, क्षार, आम्ल व रूक्ष अन्नाचा अतिरेक टाळावा हे ग्रंथातील पथ्य. त्यात विडी-सिगारेट बंद, ही भर आम्ही ठासून घालतो, कारण धूम्रपानाने हे हाड न सांधण्याचा धोका वाढतो. पण गुग्गुळाची गोळी तुकड्यांना एकत्र धरून ठेवीत नाही. ते काम प्लास्टरचे किंवा स्क्रूचे. स्थैर्य नसताना दिलेली गोळी रुग्णाची वेदना कमी करून त्याला लवकर कामावर पाठवील, एवढाच तिचा परिणाम होईल, आणि तो वाईट आहे.

हाड जुळण्याचा काळ सुश्रुताचार्यांनी पूर्ववयात एक महिना, मध्यवयात दोन आणि उत्तरवयात तीन असा सांगितला आहे. सामान्य हाडांना तो पुष्कळ जुळतो. नौकाकृती अस्थी या गणितात बसत नाही. पंचविशीतल्या रुग्णासही दोन-तीन महिने लागतात, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगावे.

केसपेपरवर आम्ही आता ‘स्कॅफॉइड भग्न संशयित’ असे मराठीत लिहितो आणि खाली दुसऱ्या एक्स-रेची तारीख. ती तारीख आमच्या टेबलावरील कॅलेंडरवरही लिहितो व आदल्या दिवशी फोन करतो. वेदना कमी झाली की रुग्ण येत नाही, आणि या भग्नात वेदना दोन आठवड्यांत कमी होतेच.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

असे कित्येक रुग्ण वैद्यापर्यंत येतही नाहीत. ते आपल्या दुकानात येऊन मनगटाचा पट्टा व वेदनाहर तेल मागतात. दोनच प्रश्न विचारावेत : हातावर पडला होता का, आणि अंगठा वर केल्यावर जी खळगी दिसते तेथे दुखते का. दोन्हींचे उत्तर होय असल्यास पट्टा जरूर द्यावा, तेल देऊ नये, आणि स्कॅफॉइडचा एक्स-रे काढण्यास सांगावे. ‘एक्स-रे काढला, नॉर्मल आहे’ असे उत्तर आल्यास तो किती दिवसांपूर्वीचा व आता दुखते का, हे विचारून दहा दिवसांनंतरही दुखत असेल तर दुसरा काढण्यास सुचवावे. एका बाटलीची विक्री जाईल. क्रेप बँडेज देताना ते बोटांकडून वर गुंडाळावे, बोटे बधिर झाल्यास सोडावे, आणि रात्री झोपताना घट्ट ठेवू नये, एवढे सांगण्यास अर्धा मिनिट लागतो.

प्लास्टर निघाल्यानंतर

येथून पुढे आपले क्षेत्र पुन्हा सुरू होते. हाड सांधले आहे असे अस्थिरोगतज्ज्ञाने एक्स-रे वा सीटीवरून लिहून दिल्यावरच मनगटास अभ्यंग व मृदू स्वेदन सुरू करावे. तोपर्यंत बोटे, कोपर व खांदा यांची हालचाल मात्र रोज करून घ्यावी, नाहीतर खांदा आखडतो. तळहाताच्या भग्नानंतर हातात आधी मऊ पिंड धरावयास द्यावा आणि बळ आल्यावर शेवटी दगड, असा क्रम सुश्रुताचार्यांनी दिला आहे. आम्ही आरंभी कणकेचा सैल गोळा देतो, दोन आठवड्यांनी घट्ट मळलेला, त्यानंतर रबरी चेंडू, आणि शेवटी अर्धा किलोचे वजन. दुचाकी चालविणे व यंत्रावर काम करणे मुठीची पकड दुसऱ्या हाताच्या बरोबरीस आल्याखेरीज नको. ती मोजण्यास दवाखान्यात उपकरण नसेल तर रक्तदाब मोजण्याचा पट्टा गुंडाळून २० अंकापर्यंत फुगवावा व रुग्णास आवळावयास सांगावे. काटा किती चढतो ते दोन्ही हातांचे लिहून ठेवावे. आमच्या त्या तरुणाचा उजवा हात आजही डाव्यापेक्षा कमी चढतो. तो आता हर्सूलला किराणा दुकान चालवितो आणि पोती उचलण्यास मुलगा ठेवला आहे.